डोळ्याची लाली गेली म्हणजे दुखणे गेले असे नाही

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी), दीपनगर परिसर)



या कार्यक्रमात आपण नेहमी पिकावरच्या औषधांविषयी बोलतो. कोणत्या किडीला कोणते औषध, किती पाण्यात किती मिसळायचे, वारा कोणीकडून असताना फवारायचे, हे सारे आता तुम्हाला तोंडपाठ झाले आहे. आज मात्र मी एका वेगळ्याच औषधाविषयी चार शब्द बोलणार आहे. ते इवल्याशा बाटलीत मिळते, आणि पुष्कळ घरांत कोनाड्यात नाहीतर देवळीत एखादी अर्धी बाटली पडून असते. हे औषध म्हणजे डोळ्यात टाकायचा ड्रॉप. त्यातही डोळ्याची सूज, लाली आणि ठणका कमी करणारा ड्रॉप.

तुम्ही म्हणाल, साहेब, तुम्ही शेतीखात्याचे. हे डॉक्टरांचे काम तुमच्याकडे कसे आले? विचारणे रास्त आहे. डोळ्यावर उपचार करणे हे डॉक्टरांचेच काम, ते मी करणार नाही. पण डोळ्याच्या ज्या दुखण्याविषयी मी सांगणार आहे, ते शेतात सुरू होते. ते मळणीच्या खळ्यावर, कपाशीच्या पऱ्हाटीत आणि केळीच्या बागेत सुरू होते. ज्या बुरशीमुळे ते चिघळते, तिच्या जातभाईंना तुम्ही आणि मी चांगले ओळखतो. म्हणून हे बोलणे माझ्याकडे आले.

शेतात डोळ्याला काय होते?

आपल्या डोळ्याच्या काळ्या बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. हाच तो पडदा, ज्यातून उजेड आत जातो. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ राहतो. पण रक्त पोहोचत नसल्यामुळे तिथे जंतू शिरले, तर त्यांच्याशी लढायला शरीराची फौज उशिरा पोहोचते.

आता शेतातली कामे आठवा. ज्वारीच्या पानाची कड सपकन डोळ्याला लागते. गव्हाचे कुसळ उडते. हरभऱ्याच्या मळणीत भुसकट उडते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना एखादी काडी उलटून डोळ्यावर येते. मका सोलताना, बांधावरची बाभूळ छाटताना, जनावरांना कडबा टाकताना, कुठेही हे होऊ शकते. बैलाच्या शेपटीचा फटका बसूनही डोळा दुखावतो. आपल्या दीपनगर, फेकरी, वेल्हाळे या भागात त्यात आणखी एका गोष्टीची भर असते, ती म्हणजे वीजकेंद्राची राख. उन्हाळ्यात वावटळ उठली की ती डोळ्यात जाते. भिंगाखाली पाहिले तर या राखेचे बरेचसे कण काचेच्या बारीक गोळ्यांसारखे दिसतात. असा कण वरच्या पापणीखाली अडकला, की दर वेळी डोळा मिटताना तो त्या पडद्यावर घासतो.

लागते तेव्हा ओरखडा एवढासा असतो. आरशात दिसतही नाही. माणूस डोळा चोळतो, पदराने नाहीतर उपरण्याने पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. सुगीचे दिवस असतात, मळणीयंत्र भाड्याने आणलेले असते, मजूर रोजावर असतात. अशा वेळी डोळ्यासाठी कोण थांबणार? "काही नाही, भाऊ, थोडा कचरा गेला," असे म्हणून आपण वेळ मारून नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही, ठणका लागतो. मग कोणीतरी सांगते, "मेडिकलवरून ड्रॉप आण ना!" खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

बाटल्या सारख्या, औषधे वेगळी

दुकानातल्या सगळ्या बाटल्या दिसायला सारख्याच. पण आत काय आहे, यावर सगळे अवलंबून असते. ढोबळमानाने त्यांचे असे प्रकार पडतात.

पहिला प्रकार जिवाणू मारणाऱ्या औषधांचा. क्लोरॅम्फेनिकॉल, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही त्यांतली नावे. ही जिवाणूंवर चालतात, बुरशीवर चालत नाहीत.

दुसरा प्रकार बुरशीनाशकांचा. नॅटामायसिन हे त्यातले मुख्य नाव. पांढरे, गढूळ दिसणारे हे औषध बाटली हलवून घालावे लागते.

तिसरा प्रकार सूज आणि दुखणे कमी करणाऱ्या, पण स्टेरॉइड नसलेल्या औषधांचा. केटोरोलॅक, फ्लुर्बिप्रोफेन, नेपाफेनॅक ही त्यांची नावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर ती देतात. शरीरात सूज आणि वेदना निर्माण करणारी काही द्रव्ये तयार होतात. ती तयार होऊ न देणे, हे या औषधांचे काम. जंतू मारणे हे त्यांचे काम नाही. जखम असलेल्या बुबुळावर ती मनानेच पुष्कळ दिवस टाकत राहिले, तर जखम भरायला वेळ लागतो, क्वचित बुबुळाचा पडदा पातळही होतो.

चौथा प्रकार स्टेरॉइडचा, आणि आजचे बोलणे मुख्यतः याच्याविषयी आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल अशी त्यांची नावे आहेत. सूज आणि लाली कमी करण्यात यांचा हात कोणी धरत नाही. लाल डोळा एक-दोन दिवसांत पांढरा दिसू लागतो.

यात आणखी एक खोच आहे. पुष्कळ बाटल्यांत जिवाणूंचे औषध आणि स्टेरॉइड ही दोन्ही एकत्र असतात. गिऱ्हाईक "डोळा लाल झाला, काहीतरी द्या" म्हणते आणि अशी जोडऔषधाची बाटली घेऊन घरी येते. आपण स्टेरॉइड घेतले, याचा त्याला पत्ताही नसतो.

राखणदाराचे तोंड बांधू नका

स्टेरॉइड वाईट औषध आहे, असे मात्र समजू नका. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर ते लिहून देतात. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येण्याचा एक आजार असतो, त्यात तर या औषधामुळेच नजर वाचते. योग्य रोगावर, योग्य दिवस, तपासणी करून दिलेले स्टेरॉइड हे मोठे गुणकारी औषध आहे. प्रश्न आहे तो न तपासता टाकण्याचा.

मळ्यात रात्री कुत्रे भुंकते. का भुंकते? कोणीतरी आत शिरले म्हणून. आपल्याला त्या भुंकण्याचा त्रास होतो, झोपमोड होते. पण म्हणून कोणी कुत्र्याचे तोंड बांधून झोपेल का? तोंड बांधले तर शांतता होईल, यात शंका नाही. पण चोर आतच राहील, आणि आता त्याला रान मोकळे.

डोळ्याची लाली, सूज, पाणी येणे हे सगळे त्या राखणदाराचे भुंकणे आहे. जखमेत जंतू शिरला, की शरीर तिकडे रक्तपुरवठा वाढवते, पांढऱ्या पेशी धाडते. म्हणून डोळा लाल होतो. स्टेरॉइड या पेशींना थोपवते. लाली जाते, ठणका कमी होतो, माणसाला वाटते गुण आला. आत बुरशी मात्र निवांत वाढत असते.

समजा, हरभऱ्याच्या मळणीत एका शेतकऱ्याच्या डोळ्याला काडी लागली. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. त्याने दुकानातून जोडऔषधाची बाटली आणली. चौथ्या दिवशी लाली उतरली. तो म्हणाला, "झकास औषध आहे," आणि पुन्हा खळ्यावर गेला. आठव्या-दहाव्या दिवशी बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका दिसू लागला. नजर धुरकट झाली. बाटली संपली होती, म्हणून त्याने तीच दुसरी आणली. पहिल्या वेळी गुण आला होता ना! तिसऱ्या आठवड्यात ठणका असह्य झाला, तेव्हा तो जळगावला दवाखान्यात गेला. तोपर्यंत ठिपक्याची जखम झालेली असते, आणि ती बुबुळाच्या पडद्यात खोल उतरलेली असते. अशा वेळी जखम भरली तरी पांढरा वण राहतो. यालाच आपल्याकडे "डोळ्यात फूल पडले" म्हणतात. कधी कधी पडद्याला भोक पडते आणि डोळाच जातो.

ही हकीकत मी समजुतीसाठी रचून सांगितली. पण हा क्रम नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा आहे. म्हणून तर लाल डोळ्याचा रोगी आला, की ते आधी विचारतात, "आतापर्यंत कोणते ड्रॉप टाकलेत?" दवाखान्यात जाताना आधीच्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या. लाजून लपवू नका.

ही बुरशी आपल्या ओळखीची

आता माझ्या विषयाकडे येतो. हरभऱ्याच्या शेतात उभी झाडे एकाएकी माना टाकतात, वाळून जातात. त्याला आपण मर रोग म्हणतो. तो फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. तुरीचा मर रोगही फ्युजेरियममुळेच. केळीच्या पनामा मर रोगामागे हीच बुरशी. ही बुरशी मातीत आणि पिकाच्या अवशेषांत राहते. भुईमूग आणि मका ओलसर साठवला, की त्यावर हिरवट बुरशी चढते, ती अ‍ॅस्परजिलस.

आपल्या देशात शेतात काम करणाऱ्यांच्या बुबुळाला बुरशीची जखम होते, तेव्हा डॉक्टरांना भिंगाखाली ज्या बुरशा वारंवार सापडतात, त्यांत फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस यांचा क्रम वरचा असतो. पिकावरची जात आणि डोळ्यातली जात अगदी तीच असेल असे नाही, पण कूळ एकच. काडी डोळ्याला लागते, तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर बुरशीचे बीजही येते.

आता सांगा, मर रोगावर तुम्ही कीटकनाशक फवाराल का? नाही. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळाल. रोग कोणता हे आधी पाहायचे आणि मग औषध ठरवायचे, हा शेतीतला नियम. हाच नियम डोळ्यालाही लागू आहे. डॉक्टर बुबुळावरच्या जखमेचा कण अलगद खरवडून भिंगाखाली पाहतात. आपण माती परीक्षणाला नमुना देतो ना, तसेच हे. बुरशी दिसली तर बुरशीचे औषध, जिवाणू दिसले तर जिवाणूंचे.

बुरशीचे औषध सावकाश काम करते. सुरुवातीला दर तासाला थेंब घालावा लागतो, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. २०१० आणि २०११ या दोन वर्षांत अरविंद नेत्र रुग्णालयांत अशा ३२३ रोग्यांवर दोन बुरशीनाशकांची तुलना झाली. त्यात जुने नॅटामायसिन हे व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले. विशेषतः फ्युजेरियमच्या जखमांत हा फरक मोठा होता. म्हणजे उपचार आहे. तो वेळेत सुरू व्हायला हवा, एवढेच.

किती वेळेत जावे?

याचे उत्तर आपल्या शेजारच्या नेपाळने दिले आहे. काठमांडूजवळच्या भक्तपूर भागात दोन वर्षे एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. गावोगावच्या आरोग्यसेवकांना शिकवून तयार केले होते. डोळ्याला काही लागले, की लोकांनी त्यांच्याकडे यायचे. सेवक खास रंगाने ओरखडा तपासत आणि तीन दिवस जिवाणूनाशक मलम घालत. बुबुळावर ओरखडा असलेल्या ४४२ जणांना असे उपचार मिळाले.

त्यांतले २८४ जण लागल्यापासून १८ तासांच्या आत आले. त्यांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत १०९ जण आले, त्यांतल्या चौघांची चिघळली. २४ ते ४८ तासांत ४९ जण आले, त्यांतल्या १४ जणांची चिघळली. बंधूंनो, हे आकडे नीट ऐका. त्याच दिवशी आलेल्यांत शून्य, आणि एक दिवस उलटून आलेल्यांत दर सातांमागे दोन. गाव तेच, सेवक तेच, मलमही तेच. फरक फक्त वेळेचा.

म्हणून माझे सांगणे असे, की सुगीतला एक दिवस गेला तर तो भरून काढता येतो. मळणी उद्या होईल. डोळ्याचा गेलेला दिवस मात्र भरून येत नाही.

आजीची बाटली नातवाला नको

घरात आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असते. तिच्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असते, आणि ते तिच्यासाठी योग्यच असते. तिने ते डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, सांगितले तसे कमी करत टाकावे. बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नये. पण उरलेली बाटली कोनाड्यात राहते, आणि चार महिन्यांनी नातवाच्या डोळ्यात कुसळ गेले, की तीच बाहेर निघते. असे करू नका. बाटली उघडल्यावर साधारण एक महिन्याने ती टाकून द्यायची असते. काही औषधांची मुदत याहूनही कमी असते, तेव्हा बाटलीवरची सूचना वाचून घ्या.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. शेजारच्या बुलढाण्यात आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातही पुष्कळ लोकांचे डोळे आले होते. ती साथ विषाणूची होती. विषाणूने आलेले डोळे बहुतेकांचे स्वच्छता आणि विश्रांतीने एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्यावर मनाने स्टेरॉइड टाकण्याचे काही कारण नसते. पुन्हा कधी साथ आली, तर हे ध्यानात असू द्या.

आता मुलांविषयी. खान्देशचा उन्हाळा आणि धूळ, दोन्ही कडक. काही मुलांच्या डोळ्यांना दर उन्हाळ्यात खाज सुटते, डोळे लाल होतात, मुले सारखी डोळे चोळतात. ही अ‍ॅलर्जी असते. एकदा डॉक्टरांनी स्टेरॉइडचा ड्रॉप आठ दिवस दिला, मुलाला बरे वाटले. मग आईबाप तीच चिठ्ठी दाखवून, नाहीतर रिकामी बाटली दाखवून, तोच ड्रॉप महिनोन्‌महिने आणत राहतात. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दाब वाढलेला दिसत नाही, दुखतही नाही. आतली नस हळूहळू सुकते. यालाच काचबिंदू म्हणतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. जास्त दिवसांच्या वापराने लहान वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. तेव्हा चिठ्ठी जुनी झाली, की औषधही जुने झाले असे समजा.

बाटलीवरचे नाव इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ते वाचून घ्या. औषधाच्या मूळ नावाचा शेवट "सोन" किंवा "लोन" असा असेल, अथवा नावात "प्रेड" असे असेल, तर ते स्टेरॉइड असण्याचा पुष्कळ संभव आहे. डोळ्याची स्टेरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, असा कायदा आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्या भल्याचेच करतो आहे.

डोळ्याला लागले तर लगेच काय करावे?

काडी, पान, कुसळ लागले तर डोळा चोळू नका. हात साबणाने धुऊन, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा हलकेच धुवा. वरवर असलेला कण निघून जाईल. रुतलेला कण काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा जिभेने काढू नका. जिभेने कुसळ काढणारे जाणते लोक गावोगाव असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तोंडातले जंतू जखमेत जातात. मध, दूध, कांद्याचा रस, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही जखमी डोळ्यात घालू नका. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फवारणीचे औषध, खत किंवा चुना डोळ्यात गेला, तर मात्र आधी दवाखाना नाही, आधी पाणी. जागच्या जागी, पापण्या उघड्या धरून, वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. निदान वीस मिनिटे, आणि चुना असेल तर अर्धा तास. मग दवाखान्यात जा, आणि औषधाचा डबा किंवा त्याच्यावरचा कागद बरोबर न्या. तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या आणि नळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चुना डोळ्याला जाळतो.

नजर तपासायची सोपी रीत सांगतो. चांगला डोळा तळहाताने झाका, आणि दुखऱ्या डोळ्याने समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहा. आकडे धूसर दिसले, उजेड टोचत असला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा ठणका वाढत असला, तर रात्र असली तरी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ते पुढे ग्रामीण रुग्णालयात किंवा जळगावच्या अथवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील.

आणखी एक सांगायचे राहिले. डोळ्यातला कण काढताना डॉक्टर बधिर करणारा ड्रॉप टाकतात. क्षणात दुखणे थांबते. ते पाहून कोणी म्हणते, "तीच बाटली द्या ना घरी न्यायला." तो ड्रॉप घरी न्यायचा नसतो. तो पुन्हा पुन्हा टाकला तर जखम भरत नाही आणि बुबुळ खराब होते.

ड्रॉप टाकण्याची रीत

डॉक्टरांनी ड्रॉप दिला, तर तो असा टाका. हात धुवा. मान मागे करा. खालची पापणी बोटाने खाली ओढा, आणि झालेल्या खळगीत एकच थेंब सोडा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. दोन-तीन थेंबांनी गुण जास्त येत नाही, डोळ्यात तेवढी जागाच नसते, बाकीचे गालावरून वाहून जाते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबून धरा. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

लागूच नये म्हणून

मळणीच्या वेळी, फवारताना, पऱ्हाट्या उपटताना आणि झाडे छाटताना साधा पारदर्शक चष्मा लावा. कडेने बंद असलेला मिळाला तर फारच चांगले. मळणीयंत्राशी उभे राहताना भुसकट आपल्या अंगावर येणार नाही अशी, वाऱ्याची बाजू पाहून जागा घ्या. निंदणी, कापूसवेचणी करणाऱ्या आपल्या भगिनी आणि मजूर यांनाही चष्मे द्या. त्यांचा डोळा आपल्या डोळ्याइतकाच मोलाचा. वावटळीत राख उडत असेल, तर थोडा वेळ पाठ फिरवून थांबा, आणि नंतर डोळे पाण्याने धुवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. डोळ्याला काडी, पान, कुसळ लागले तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

२. लाल डोळ्यावर मनाने किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ड्रॉप आणू नका. लाली जाणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइडचा ड्रॉप बुरशीला मोकळे रान देतो.

४. आजीची, शेजाऱ्याची, मागच्या साथीची उरलेली बाटली आजच टाकून द्या.

५. स्टेरॉइड चालू असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी डोळ्याचा दाब तपासून घ्या.

६. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यात गेला तर आधी भरपूर पाणी, मग दवाखाना.

७. दवाखान्यात जाताना आधी वापरलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर एकच काम करा. कोनाड्यातली ती बाटली काढा, मुलाकडून तिच्यावरचे नाव आणि तारीख वाचून घ्या, आणि ती कोणासाठी, कशासाठी आणली होती, हे घरात विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ती बाटली घरात ठेवण्याचे कारण नाही.